वहीतले चार दिवस

ताई : मंगळवारी सहा, बुधवारी पाच, गुरुवारी पाच, शुक्रवारी चार. भीती अगदी शहाण्यासारखी उतरतेय रे तुझी!

मास्तर : वही दे इकडे. मानसोपचाराच्या बाईंना दाखवायचीय ती.

ताई : रोज दहा मिनिटं उभ्या गाडीत बसायचं आणि भीती दहापैकी किती ते लिहायचं, असंच ना?

मास्तर : मग? लिहिलंय की.

ताई : या चार दिवसांत गाडी कुठे होती?

मास्तर : खाली.

ताई : खाली! तुझे भावजी घेऊन गेले होते. काल शनिवारी मीच किल्ली आणून दिली. तू बसलास कशात, सोफ्यावर? उंटावरून शेळ्या हाकल्यास होय?

मास्तर : हाकल्या! काय करू? अपघाताला तीन महिने झाले. श्वास मोजा, डोळे मिटा, वही भरा. वीट आलाय मला. सोमवारी बाईंनी बरा झाल्याचं पत्र दिलं, तरच ड्रायव्हिंग क्लासवाले ठेवतील. नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवलाय त्यांनी.

ताई : आणि शेजारी स्टिअरिंग धरून कुणाची तरी पोर बसणार. माझ्या डोळ्यांत खुशाल धूळ फेक, तिच्या नको.

मास्तर : बावीस वर्षं शिकवतोय मी! तुला यातलं काही कळत नाही, ताई.

ताई : नाही कळत. मग सांग. चिडून सांग, पण सांग.

मास्तर : गाडीची भीती नाहीच मला. या उजव्या पायाची आहे. बसलो की त्याच्याकडेच बघत राहतो, म्हणून बसत नाही.

ताई : पायाला काय झालं? एक्स-रे तर चांगला होता.

मास्तर : क्लासच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. समोरून ट्रक आला. ती मुलगी ओरडली, 'सर, ब्रेक!' मला ऐकू आलं. पाय ब्रेकवरच होता. हललाच नाही गं. सगळे म्हणतात, मास्तरांना वेळच मिळाला नाही. वेळ होता.

ताई : अरे देवा. हे बाईंना सांगितलंस?

मास्तर : त्या भीती किती ते विचारतात. पायाचं कोण विचारतंय?

ताई : विचारतील कशा? तू सोफ्यावरून पाच-चार लिहितोस.

मास्तर : ती पोरगी हात गळ्यात अडकवून मला बघायला आली होती. रडत म्हणाली, 'सर, माझ्यामुळे झालं.' आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? 'असू दे.' लाज वाटते मला.

ताई : वाटायलाच हवी. सोमवारी बाईंना हे सगळं सांगायचं.

मास्तर : पत्र मिळणार नाही मग.

ताई : नाही मिळणार. पण त्या पोरीनं सोमवारपर्यंत का स्वतःला दोष देत बसायचं? लाव तिला फोन.

मास्तर : आत्ता? काय बोलू?

ताई : मला बोललास तेच.

(तो नंबर लावतो.)

मास्तर : हॅलो, सर बोलतोय. गाडी चालवत नाहीयेस ना आत्ता? ... चालवायचीच सोडलीस? कधीपासून?