पाच वेळा पडलेला बैल

मंडळी, ऐका! एक विचारतो, खरं सांगा. पोर हुशार निघावं की मायाळू? — हां, ती मागची माउली म्हणते, "दोन्ही!" अहो, भाजीवर कोथिंबीर मागितल्यासारखं मागताय! पण हुशारी आणि माया खरंच दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

चाळीस वर्षं झाली. याच देवळाच्या ओसरीवर कुमुदताईंची बालवाडी भरायची. ताई आता थकल्यात. पण बालवाडीत खाऊला मिळायची त्या सुकडीचा वास आला, की त्यांना अजून ती सकाळ दिसते — पायरीवर इवल्या इवल्या चपला, निम्म्या उलट्या!

त्या पोरांत एक तारा. साडेचार वर्षांची. आकडे पाठ, गाणी पाठ! पण पहिल्या झटक्यात जमलं नाही, की वस्तू भिरकावायची, शेजारच्याला ढकलायची. तिच्याजवळ कोणी बसेना. आयाबाया कुरकुरू लागल्या. शेवटी ताईंनीही ठरवलं — आज तिच्या आईला सांगायचं, उद्यापासून पाठवू नका. एवढ्याशा लेकराला, मंडळी!

पोळा जवळ आलेला. पोरं मातीचे बैल करत होती. ताराच्या बैलाचा पाय तुटला. लावला — पुन्हा तुटला! तिनं बैल आपटला. पोरं लांब सरकली. सरकली नाही ती सगुणा. दहापर्यंत मोजताना सात हमखास विसरणारी!

"माझापण पडतो," सगुणा म्हणाली. "पाच वेळा पडला."

"मग?"

"मग परत करायचा. तू पाय लाव, मी पोट धरते."

बैल उभा राहिला! वाकडा — पण उभा!

थोड्या वेळानं धाकट्या नामूचा बैल मोडला. त्यानं भोकाड पसरलं. तारा उठली. ताई आडवायला उठल्या — आता ढकलते! तर तारा त्याच्यापुढे फतकल मारून बसली.

"रडू नको. माझापण तुटला होता. धर इकडे."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. बाराला ताराची आई आली. ताई एवढंच म्हणाल्या, "उद्या जरा लवकर पाठवा हो हिला."

मंडळी, जे पोर स्वतःची चूक सोसून पुन्हा हात घालतं, तेच दुसऱ्याची चूक सोसतं. आणि आपण? लेकरू बटण लावत असतं, आपण त्याचा हात बाजूला करतो — "सरक बाजूला, तुला नाही जमायचं!" एवढी कसली घाई? धीर आधी कोणी शिकायचा — पोरांनी, की आपण? उत्तर घरी जाऊन द्या. इथं फक्त हात जोडा, आणि आपल्या हजार चुका सोसणाऱ्या त्या विठाईचं नाव घ्या!