चिमणीच्या पेटीचं झाकण

दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलेल्या मास्तरीणबाईंच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

“तुझ्या सासऱ्यांनी चिमण्यांसाठी पेटी टांगली होती ना गं?”

“टांगली की! चिमणीनं अंडीही घातली. मग काय, सासरे दिवसातून चारदा झाकण उघडून तिची खुशाली विचारणार!”

“किती ती माया!”

“नुसती उतू चाललीये. चिमणी अंडी टाकून पळाली. आता म्हणतात, काय कमी केलं होतं हिला?”

“तुमच्या खोलीतही असेच येतात?”

“छे! तिथं चारदाच कशाला? आम्हीही दुसरं घर बघितलंय.”

“कसं आहे?”

“आतून कडी लागते.”

मास्तरीणबाईंनी हातातली लेकाच्या घराची किल्ली पर्सच्या तळाशी टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनेला फोन करून विचारलं, “अगं, आज येऊ का?”