नुसतं जाऊन बसायचं

माझं माहेर कणकवलीच्या बाजूचं, नाव द्रौपदी, पण लग्न होऊन लालबागला आले आणि चाळीत सगळी मला वहिनी म्हणायला लागली, ती आजपर्यंत. एक खोली, तिच्यात मी, आमचे हे, सासूबाई आणि आमची छोटी कुसुम. हे कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला. साच्याच्या आवाजात काम करणारी माणसं घरीसुद्धा मोठ्यानेच बोलतात बघा, तसे हे. जिन्यात पाय ठेवला की वर कळायचं, आले म्हणून.

मग ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मुंबई आपल्याला देत नाहीत म्हणून सगळा गिरणगाव रस्त्यावर. हे पण जायचे, घोषणा द्यायचे, मी नाही कशाला म्हणू? त्या दिवशी गिरण्या बंद, मी गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते, आणि नाक्याच्या बाजूने आवाज आले, एकामागून एक, आणि माणसं धावत आत शिरली. खाली कोणीतरी ओरडलं, गोळी चालवली, गोळी चालवली. मी सूप तसंच टाकलं. थोड्या वेळाने चौघांनी ह्यांना धोतराच्या झोळीत घालून वर आणलं. मांडीत गोळी. काय सांगू तुम्हाला, एवढा मोठ्याने बोलणारा माणूस, पण तोंडातून शब्द नाही.

इस्पितळ जवळच, परळला. पण चाळीत बोलणं असं की जखमी दिसला की पोलीस खाटेवरूनच उचलतात. खरं किती, खोटं किती, कोण बघायला गेलंय? सासूबाई लेकासाठी दारात आडव्या बसल्या. माझ्या झिलाक खंय नेव नकात, म्हणाल्या. मग आम्ही घरीच ठेवलं, हळद लावली, पट्टी बांधली. दार लावून घ्यायचं, कुसुम रडली की तोंडावर हात ठेवायचा, जिन्यात बूट वाजले की कडी धरून उभं राहायचं. ताप चढत गेला, जखमेला वास यायला लागला. तरी आम्ही दार उघडलं नाही.

तेव्हा गिरगावातल्या काही बायका चाळी चाळी फिरत होत्या, कोणाच्या घरी काय झालंय ते विचारत. त्यांच्यात मेरीबाय होती. खोताच्या वाडीतली ख्रिस्ती बाई, नर्सचं काम करून रिटायर झालेली, फ्रॉक घालायची, मराठी बोलायची आपल्यासारखंच. शेजारणीने तिला हळूच आमचं दार दाखवलं. तिने पट्टी सोडली, वास घेतला आणि सासूबाईंना म्हणाली, आई, पोलिसाने नेला तर तो परत येईल, ह्या जखमेने नेला तर नाही येणार. मी खाटेपाशी बसते, तुम्ही त्याला सोडा. सासूबाई दारातून उठल्या.

ह्यांना परळला नेलं, आणि ती खरंच बसली हो. गोळी काढली, पाय वाचला. एकदा पोलीस आला खाटेशी, नाव विचारलं. मेरीबाय उभी राहिली, म्हणाली, नाव लिही बाबा, पण हा चालायला लागेपर्यंत इथून हलणार नाही. त्याने नाव लिहिलं आणि गेला. तो परत आला नाही, पण येईल येईल म्हणून मी किती दिवस काढले ते माझं मला माहीत.

हे घरी आले तर निराळंच. गिरणीचा भोंगा झाला की हे भिंतीला चिकटून बसायचे, घामाने भिजायचे. कोणाचा डबा पडला तरी कॉटखाली. लोक म्हणायचे, बरा झालाय, आता कामावर का जात नाही? मेरीबाय म्हणाली, पायातली गोळी काढली, कानातली राहिली आहे, तिला वेळ लागतो. ती यायची, ह्यांना आज गॅलरीत बसवायची, मग जिन्यापर्यंत, मग खाली नळापर्यंत. नको म्हणाले तर ओढायची नाही. बरं, उद्या बघू, म्हणायची आणि चहा पिऊन जायची.

एक दिवस मला म्हणाली, वहिनी, तू माझ्याबरोबर वरळीला चल. बीडीडी चाळीत यमुना म्हणून बाई होती, तिचा नवरा अशाच गोळीबारात गेला होता. बाई बोलत नव्हती, जेवत नव्हती, पोर शेजारणी सांभाळायच्या. मी म्हटलं, मेरीबाय, मी काय बोलू तिच्याशी? ती म्हणाली, काही बोलू नको, नुसतं जाऊन बसायचं. ती माणसं महार, पुढे बौद्ध झाली, सासूबाई म्हणाल्या, थंय पाणी पिव नको. पहिल्याच दिवशी यमुनाच्या जावेने चहा दिला, तो प्याले.

मी जायची, पेज करायची, पोराला भरवायची, बसायची. यमुना भिंतीकडे तोंड करून. मला वाटायचं, हिने जिवाचं काही करून घेतलं तर? घरी येताना तेच डोक्यात, आणि घरी पोचेपर्यंत दुसरं, की हे ठीक असतील ना. असे किती तरी दिवस गेले, आणि एकदा ती अचानक वळली. म्हणाली, तुझा माणूस जिता हाय ना? मी म्हटलं, हो. म्हणाली, मग तू कशाला येतीस? तुझा परत आला, माझा का नाही आला?

मला वाटलं उठून पळून जावं. पण मेरीबायने बसायला सांगितलं होतं, मी बसले. मग ती रडायला लागली, तोपर्यंत ती रडलीच नव्हती हो, आणि मी पण रडले, आणि तिचं पोर आमच्या दोघींकडे बघून रडायला लागलं, तेव्हा तिने उठून त्याला घेतलं.

पुढे ती गिरणीच्या पाळणाघरात कामाला लागली. मेरीबाय मला अशाच आणखी घरांत न्यायची, मग मी एकटीच जाऊ लागले. हे लंगडत का होईना साच्यावर परत गेले. महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळ्या लालबागला फटाके. मी धावत खिडक्या लावल्या, ह्यांच्या कानावर हात ठेवले. ह्यांनी माझे हात बाजूला केले, म्हणाले, आपलं राज्य आलं ना? उघड, बघू दे. मी उघडल्या. यमुनाकडे त्या दिवशी जावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी गेले. तिने पेढा दिला, स्वतः नाही खाल्ला.

आता हे नाहीत, मेरीबाय नाही. यमुना आहे, मुलाकडे असते, डोळ्यांनी दिसत नाही तिला, मी गेले की हात धरून ठेवते. आम्ही फार बोलत नाही. माझी भीती मात्र गेली नाही बघा. कुसुमची मुलगी माझ्याकडे असते, तिला ऑफिसातून यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीत. हसतात सगळे मला, हसू देत. तुम्ही एवढं ऐकायला आलात, तुम्हाला पण लांब जायचंय ना? खाली वाण्याकडे फोन आहे, पोचलात की त्याला सांगा, तो मला हाक मारेल. सांभाळून जा, घरच्यांना सुखात ठेवा. आणि फोन कराच हं, मी जागी असते.