कन्यादानाची धार

अलकनंदा : …तर बाबा कन्यादान करतील, आणि पाण्याची धार विद्युलताताई धरतील. मी बोललेय त्यांच्याशी.

निधी : आई, दोन तासांवर मुहूर्त आलाय. हे तुम्ही आत्ता सांगताय?

अलकनंदा : काल सांगणार होते. तुझी मेंदी बघितली आणि जीभ उचलली नाही.

निधी : वेंकटचं स्थळ तुम्ही आणलंत. मी नको म्हणत होते. 'संकेतला जाऊन तीन वर्षं झाली, आता सून म्हणून नाही, लेक म्हणून देते तुला,' हे तुमचेच शब्द.

अलकनंदा : माझेच. आणि मनापासूनचे.

निधी : मग?

अलकनंदा : परवा त्याचा फोन आला तेव्हा तू बाल्कनीत हसलीस. अगदी पोटातून. आणि मला वाटलं, हिच्या तोंडावर दार लावून घ्यावं. माझा मुलगा गेला आणि ही हसते कशी? असलं मन घेऊन तुझ्या हातावर पाणी सोडू? नाही गं. तुझ्या संसाराला लागेल ते.

निधी : दर रविवारी विद्युलताताईंकडे ध्यानाला बसता ना तुम्ही? त्यांना सांगितलंत हे?

अलकनंदा : त्यांनी बुद्धाची साधी रीत शिकवली. मनात जे येईल त्याला नाव द्यायचं, ढकलायचं नाही, आणि परत श्वासाकडे यायचं. राग आला तर 'राग' म्हणायचं.

निधी : तुम्ही काय म्हणायचात?

अलकनंदा : थकवा.

निधी : थकवा?

अलकनंदा : सुनेच्या सुखाचा राग येतो, हे स्वतःशी तरी कसं म्हणू? चार महिने थकवा म्हणत राहिले. ताई बिचाऱ्या सांगायच्या, झोप पुरेशी घेत जा.

निधी : आई, ही साडी बघा.

अलकनंदा : सुरेख आहे.

निधी : टी नगरच्या दुकानात हा रंग उचलला तो संकेतला आवडला असता म्हणून. मग वेंकट म्हणाला, सूपर. इतकी खूश झाले, की तिथेच रडायला लागले. सेल्सगर्ल तमिळमध्ये 'एन्ना आच्चु अक्का' म्हणत पाणी घेऊन आली. काय झालं म्हणून सांगणार तिला? दोन्ही खरं होतं.

अलकनंदा : वेंकटला सांगितलंस?

निधी : सगळं. तो म्हणाला, मग हीच घेऊ. माझंही मन कोरं नाही, आई. तरी उभी राहतेय ना मी बोहल्यावर?

अलकनंदा : मला वाटायचं, बसून बसून राग जाईल, मग स्वच्छ मनानं तुला देईन.

निधी : नाही गेला. आत्ता त्याचं खरं नाव घ्या. माझ्यासमोर.

(अलकनंदा डोळे मिटते.)

अलकनंदा : राग आहे. छातीत, इथे. खूप आहे. संकेत हवा होता, हे आहे. आणि तुझं भलं व्हावं, हेही आहे. तेही तेवढंच. मी समजत होते, एक असलं की दुसरं खोटं पडतं.

निधी : पडलं?

अलकनंदा : नाही पडलं. ताईंना फोन लाव. म्हणावं, धार मीच धरते.

निधी : आणि भर मंडपात रडू कोसळलं तर? वेंकटकडची तंजावूरची सगळी मंडळी असणार. काय म्हणतील ती?

अलकनंदा : काय म्हणणार? मुलीची आई आहे, म्हणतील.