चादरीची वारापिशवी

सोलापूर, दिनांक १७ जुलै १९७४

मी सौ. गुरम्मा बिराजदार, वय अंदाजे ४५ वर्षे, धंदा घरकाम व कौद्या म्हणजे गोधड्या शिवणे, राहणार फवारणी धावपट्टीवरील चौकीदाराची खोली, अक्कलकोट रोड, सोलापूर. ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते की,

मी वरील ठिकाणी मालकांसोबत, म्हणजे माझ्या नवऱ्यासोबत राहते. ते तेथे चौकीदार आहेत. पिकांवर औषध मारणारे छोटे विमान तेथून उडते. ते पायलट हिंदुराव घोरपडे चालवतात. घोरपडे साहेब आमच्याकडे चहा घेतात. माणूस चांगला आहे.

धावपट्टीच्या कडेला खांबावर कापडी पिशवी असते, दोन्ही तोंडे उघडी. वाऱ्याने ती फुगते आणि शेपूट ज्या अंगाला जाते तिकडे वारा चालला असे समजते. वरून पायलटला वारा कळायचा तोच मोठा आधार. साहेबांनी मला एकदा समजावले होते, "बाई, इमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं. समोरचा वारा धरून ठेवतो, मग ते हळू टेकतं आन् थोडक्यात थांबतं. वारा पाठीवर घेतला की पळतच सुटतं, पट्टी पुरत न्हाय." उडतानाही तोंड वाऱ्याकडेच असते. वळताना वारा विमानाला बाजूला ढकलत नेतो, म्हणून वळण आधीपासून बेताने घ्यावे लागते. आडवा वारा असला तर विमान नाक वाऱ्याकडे करून तिरके येते व टेकताना सरळ होते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा साहेब पिऊन आले असेच मला वाटले होते.

गेल्या महिन्यात वावटळीत जुनी पिशवी फाटली. मालकांनी कंपनीच्या मॅनेजरकडे नवी मागितली. "बघू" असे उत्तर मिळाले. ते बघणे अजून चालू आहे. मग मालक मला म्हणाले, "धोतरावानी पातळ कापड घे आन् तूच शिव." आमच्या माळावर पातळ कापड आठ दिवस टिकत नाही. एमआयडीसीत मागावर काम करणाऱ्या ईरम्माकडून मी चादरीचा डागी तुकडा आणला. तांबडा-पांढरा, लांबून दिसेल असा. कौदीला घालतो तसे आतून अस्तर घातले व दुहेरी टाके मारले. सोलापुरात जाड कापडाला कोणी नावे ठेवत नाही. पिशवी दणकट झाली म्हणून मला लई आनंद झाला होता.

मालक म्हणाले, "जड झाली की गं." मी म्हणाले, "तुमाला शिवणातलं काय कळतंय?" माझ्यापुढे त्यांचे काही चालत नाही. खांबावर त्यांनीच चढून ती बांधली. सोसाट्याच्या वाऱ्यात ती फुगून उठत होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

काल दुपारी पश्चिमेचा वारा होता. सोसाट्याचा नव्हता, पण होता. पिशवी मात्र ओल्या पोत्यासारखी लोंबत होती. साहेबांनी वरून एक फेरी मारली, वारा पडला असे समजले आणि पश्चिमेकडूनच उतरायला आले. वारा त्यांच्या पाठीवर होता.

मालकांच्या ते ध्यानात आले. ते धावपट्टीच्या मधोमध पळाले. डोक्याचा पटका सोडून त्यांनी दोन्ही हातांनी वर धरला. पटका पातळ, तो लगेच पूर्वेकडे ताठ उडाला. मी ओरडले, "बाजूला व्हा की!" ते हलले नाहीत. साहेबांनी तो पाहिला व विमान उचलले. ते मालकांच्या डोक्यावरून गेले. पण पुरते वर गेले नाही. पुढे चिखलात टेकले, थांबेना, बांधावर आदळले. मालकांनी साहेबांना बाहेर ओढले. साहेबांचा पाय मोडला आहे. पुन्हा विमान चालवता येईल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. त्या पायाला कारण माझे शिवण आहे. रात्रभर मला दुसरे काही सुचलेले नाही.

मॅनेजर म्हणतात, खोली खाली करायला सांगितल्याच्या रागातून चौकीदाराने मुद्दाम जड पिशवी लावली. मालकांनी पिशवी आपणच शिवली असे लिहून दिले आहे व ते आता कोठडीत आहेत. हे साफ खोटे आहे. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. सदऱ्याचे बटण तुटले तर तसेच हिंडतात. बायकोला ठाण्यात बसवतील या भीतीने ते खोटे बोलले. मला न विचारता बोलले याचा मला राग आहे. ज्याला घात करायचा आहे तो विमानाच्या तोंडापुढे उभा राहत नाही, एवढे तरी लिहून घ्यावे.

हा मजकूर मला वाचून दाखवला, अवघड तेथे कानडीत समजावला. वाचल्यावर हवालदार म्हणाले, "बाई, सगळीकडं मालक मालकच हाय. कोर्टात नाव लागतंय." मी सांगितले, नवऱ्याचे नाव मी लग्नापासून घेतलेले नाही, तुम्हीच घाला. ते म्हणाले, तुमच्या तोंडूनच पाहिजे. कोठडी समोरच आहे, मालक गजांजवळ येऊन उभे होते व मान हलवून मला नको म्हणत होते.

तरी सांगते. तिप्पण्णा बिराजदार यांनी पिशवी शिवलेली नाही. तिप्पण्णांनी पातळ कापड घे म्हणून सांगितले होते. मी ऐकले नाही. एवढे घालून बाकी मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

निशाणी डावा अंगठा, गुरम्मा बिराजदार