झुलालनानांची दाढ

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘काय राजदीप, झाली का पीएचडी?’ अहो, होईल कशी? सहा वर्षांची पीएचडी एका म्हाताऱ्याच्या दाढेत अडकलीय, तुम्हाला सांगतो! पण सोडणार नाही. मीही देवपूरचा आहे!

विषय काय, तर माणसाच्या इंद्रियांना जे कळतं ते कॉम्प्युटरला कळवायचं. थरावर थर रचलेलं न्यूरल नेटवर्क. वरचा थर साहेब, खालचा कारकून. साहेब आधीच अंदाज बांधून खाली कळवतो, ‘आता असा आवाज येणार बरं का’, आणि कारकून, जेवढं चुकलं तेवढंच वर कळवतो. मागचं लक्षात ठेवून! म्हणजे कुठल्याही हापिसापेक्षा बरं चालतं.

पण शिकवायला जाणकार नको? तो सापडला जळगावला, एका डाळमिलमध्ये. झुलालनाना! चाळीस वर्षं एकच काम. खळ्यावर वाळत घातलेल्या तुरीतला एक दाणा उचलायचा, दाढेखाली धरायचा... कट्ट! ‘वाळेल शे, उचला!’ ...चप्प! ‘वली शे, ऱ्हाऊ द्या.’ बस्स. मालकसुद्धा उलट बोलत नाही.

मी नानांच्या गालाला चिकटपट्टीने माइक लावला. चार हजार दाणे! आता माझा स्वभाव पडला टापटिपीचा. म्हटलं, मिसळामिसळ नको, डिसेंबरात सगळे ओले उरकू, मार्चमध्ये सगळे वाळलेले. (हसू नका, पुढे रडायचंय.) नेटवर्क असं शिकलं, असं शिकलं... शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर! आमच्या सविता मॅडम, माझ्या गाइड, एरवी ‘हं’च्या पुढे जात नाहीत, त्या ‘हं हं’ म्हणाल्या!

मग परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक. नानांना धुतलेला सदरा घालून आणलं. वाळलेला दाणा... कट्ट! स्क्रीनवर ‘वाळलेली’. टाळ्या! रात्रभर भिजवलेला दाणा... ‘वाळलेली’. मी म्हटलं, सर, एखादा चुकतो. दुसरा... ‘वाळलेली’. परीक्षक खवट. समोरच्या बशीतलं केळं उचललं, ‘आजोबा, हे चावा.’ नानांनी चावलं. ‘वाळलेली’!

मी नानांकडे धावलो. म्हटलं, नाना, झालं काय? नानांनी शांतपणे केळं गिळलं, तोंडात बोट घातलं आणि अख्खी कवळी काढून टेबलावर ठेवली! ‘नवी शे ना, भाऊ. संक्रांतना मांगे बसाडी.’

अहो, म्हणजे ओले दाणे जुन्या दातांनी, वाळलेले नव्या दातांनी! नेटवर्कने तुरीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. साहेब आणि कारकून मिळून चार महिने नानांचे दात ओळखत होते!

‘नाना, सांगायचं तरी!’
‘तू इचारं का?’
‘आणि नव्या दातांनी तुम्हाला कळतं कसं?’
‘माले तीन दिन लागनात. तुन्हा मशीनले कितला लागतीन?’

लाज वाटली हो, खरंच वाटली. सहा वर्षं मी ‘कळणं म्हणजे काय’ यावर लिहितोय, आणि ज्याला कळतं त्याला साधं ‘नाना, दात कसे आहेत’ विचारलं नाही.

विद्यापीठाने शेवटचे सहा महिने दिले. नाना मिलचं काम सोडून, कवळी सांभाळत लेकीकडे चाळीसगावला गेले. पण सोडणार नाही म्हटलं ना? माइक स्वतःच्या गालाला लावला! आई म्हणाली, ‘अरे, जेव तरी!’ म्हटलं, हेच जेवण. रोज दीडशे दाणे, एक ओला एक वाळलेला, मिसळून! कट्ट, चप्प, कट्ट, चप्प...

नेटवर्क? शिकतंय अजून. शंभरात एकसष्ट. मी मात्र शिकलो. परवा मिलमध्ये सहज दाणा दाढेखाली धरला आणि तोंडातून आपोआप निघालं, ‘वली शे, ऱ्हाऊ द्या.’ हमाल थांबले! मालक धावत आले, नानांच्या जागेवर नोकरी देतो म्हणाले. मी विचारलं, पर्मनंट आहे का?

म्हणाले, ‘आहे की. दात असेपर्यंत.’