हुकूम गेला नऊ मशिनींना

…तिथं नको काका, इकडं बसा. हीच तुमच्या अंकिताची खुर्ची. तिचं सामान भरून ठेवलंय मी — डबा, स्वेटर, एसी लय लागायचा तिला. मी मतीन, तिचा सीनियर. कवठे महांकाळवरनं एसटीनं आलासा? पाणी घ्या की. काय झालं म्हणताय? तिनं सांगितलं न्हाई? नुसतं ‘माझ्या नावानं झालं’ म्हणाली? व्हय. बरोबरच हाय ते — म्हणजे, नावानं तिच्याच झालं.

थांबा, सांगतो. तुमी फौजेत होता, तुमाला लगेच कळंल. हळदीचा ऑनलाइन सौदा चालतो न्हवं, बोली मोबाईलवर दिसती — ते सगळं आमच्या सर्व्हरवर. नऊ मशिनी हायत, पलटणच समजा. त्यांच्याशी बोलायला नुसता काळा पडदा, त्यावर टाईप करायचं. कमांड म्हणत्यात — म्हणजे हुकूमच. आन् हुकमात लिहावं लागतं, कुणाला. एकीचं नाव लिहिलं तर एकटीच ऐकती, ‘ऑल’ लिहिलं की आख्खी पलटण हलली. म्हणून सेटिंग बदलायची तर आधी एकीवर बदलायची, ती नीट चालली तरच बाकीच्यांवर. अंकिता तर हट्टच धरायची, आधी एक, आधी एक — मी चिडवायचो तिला, म्हटलं तू भाजी घेतानासुद्धा एकच वांगं घेऊन घरी शिजवून बघत असशील.

परवा दुपारी एकदम ‘ऑल’ लिहिलं गेलं. सेटिंगमधला एक आकडा चुकलेला, नऊच्या नऊ मशिनी गप. यार्डात शेतकरी पोत्यांपाशी उभे, बोली कुठं गेली कुणाला कळंना. घाईत होतं असं, काका. घरी पाव्हणे यायचे, सुमैराला बघायला, अम्मीचे फोनवर फोन, म्हटलं एकेक मशीन कुठं करत बसू, मारून टाकू एकदाच —

काय? सुमैरा? माझी बहीण.

न्हाई, तुमच्या घरी कुठले पाव्हणे. माझ्याच घरी.

ऐका की. आमच्याकडं रीतच पडलीया — एकाच्या नावानं सगळ्यांनी आत घुसायचं. माझा पासवर्ड कवाच बंद पडलाय, नवा मागायचा तर पुण्याला अर्ज करा, कोण करतंय. अंकिता खाली जेवायला गेलेली. मीच म्हटलं होतं, तुझा पडदा उघडा ठेव गं, माझं एक काम हाय. तिनं ठेवला. वर आली तवा सगळं लाल. सर आले, हुकमापुढं कुणाचं नाव पडलंय ते बघितलं, नाव तिचं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी कीबोर्डकडं बघितलं. मला वाटलं बोलंल ती. एक शब्द बोलली असती तर मी लगेच कबूल केलं असतं — न्हाई, खोटं कशाला सांगू, काय केलं असतं माहीत न्हाई. ती बोललीच न्हाई. सर म्हणाले उद्यापास्नं येऊ नको, आन् ती चप्पल घालून गेली. लाज वाटती.

पण पाव्हण्यांना काय सांगितलंय ठाऊक हाय? भावाच्या हाताखाली सगळे सर्व्हर हायत म्हणून. रविवारी तारीख धरणार हायत. आता माझी नोकरी गेली तर — लग्न होऊन जाऊ द्या, मग मी स्वतः सरांना सांगतो. अंकिता हुशार हाय, तिला कुठंबी मिळंल. मिळंलच की. गावात काय म्हणत्यात? …व्हय का. आन् ती? जेवती का नीट?

काका, आवाज नको, आत सर बसल्यात. आले बघा दारात.

— काही नाही सर, अंकिताचे वडील आहेत, सामान न्यायला आलेत. — हो सर, सगळं सांगितलं त्यांना. — नाही, तक्रार काय असणार, पोरीचीच चूक, मान्य आहे त्यांना.

निघा काका तुमी आता. एसटी चुकंल.

असं बघू नका माझ्याकडं. निघा.